सीझन संपल्यावरची मॅच

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत एका मैत्रिणीने मला पकडलं. तिची मुलगी नववीत आहे आणि नुकतीच शाळेच्या रोबॉटिक्स टीममध्ये गेली आहे. "अरे, तू त्या टीमचा मेंटॉर ना? मला एक सांग. स्पर्धा जानेवारी ते एप्रिल असते असं तुम्हीच सांगितलं होतं. मग आता ऑक्टोबरात पुन्हा कसली स्पर्धा? तिकडे बक्षीस नाही, पॉइंट नाहीत, कॉलेजच्या अर्जात लिहायलाही फारसं काही नाही. शनिवार अख्खा जाणार, वर पीएसएटी तोंडावर."

मागे उभे असलेले दोन बाबा कान टवकारून ऐकत होते. मी मसालेभाताचं ताट हातात घेऊन जमेल तेवढं सांगितलं, पण रांग पुढे सरकली आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते पूर्ण करायला हा लेख.

आधी या प्रकाराशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली सुरू केली. मोठ्या रोबॉटची तिची पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीममध्ये झाली. आज तिला फर्स्ट रोबॉटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, म्हणतात. दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी नवा खेळ जाहीर होतो. कधी चेंडू फेकायचे असतात, कधी शंकू आणि ठोकळे रचायचे, कधी रिंगा भिरकावायच्या. तिथून काही आठवड्यांत मुलं पन्नास किलोहून जड रोबॉट आखतात, कापतात, जोडतात, प्रोग्रॅम करतात आणि मार्चमध्ये मैदानात उतरवतात. मैदान सुमारे ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद. तीन रोबॉट लाल बाजूने, तीन निळ्या बाजूने. तीन टीमच्या अशा गटाला अलायन्स म्हणतात, आणि प्रत्येक मॅचला हे गट बदलतात. एप्रिलमध्ये ह्यूस्टनला जागतिक चॅम्पियनशिप होते आणि सीझन संपतो.

त्यानंतर मे ते नोव्हेंबर ज्या स्पर्धा होतात त्या ऑफ-सीझनच्या. खेळ तोच, रोबॉटही तेच. पण त्या कुठली तरी टीम, शाळा किंवा विद्यापीठ स्वतःच्या हिमतीवर भरवतं, आणि त्यांचे गुण अधिकृत क्रमवारीत धरले जात नाहीत. काहींचं नाव मोठं आहे. जुलैमध्ये इंडियानापोलिसजवळ होणारी इंडियाना रोबॉटिक्स इन्व्हिटेशनल म्हणजे जणू रणजी संपल्यावर निवडक खेळाडूंची प्रदर्शनी मॅच. कॅलिफोर्नियात सॅन होजेला '२५४' क्रमांकाची नामांकित टीम चीझी चॅम्प्स भरवते. मिशिगनमध्ये फ्लिंटच्या केटरिंग विद्यापीठात सप्टेंबरात केटरिंग किकऑफ होते. पण बहुतेक ऑफ-सीझन स्पर्धा याहून पुष्कळ लहान असतात. कुठल्या तरी हायस्कूलची जिम, वीस-पंचवीस टीम, एक दिवस, आणि पालकांनी चालवलेला हॉटडॉगचा स्टॉल. मी बोलतोय ते मुख्यतः या लहान स्पर्धांबद्दल.

आता एक हिशेब मांडू. मैत्रिणीला रांगेत मी हाच सांगायला हवा होता.

मिशिगनने २००९ साली सुरू केलेली डिस्ट्रिक्ट पद्धत आता अनेक राज्यांत आहे. त्या पद्धतीत टीमला सीझनमध्ये दोन स्पर्धा मिळतात, आणि प्रत्येकीत बारा पात्रता मॅच. म्हणजे एकूण चोवीस मॅच. एक मॅच साधारण अडीच मिनिटांची. चोवीस गुणिले अडीच म्हणजे साठ मिनिटं.

एक तास! वर्षभर शाळा सुटल्यावर रात्री आठ-नऊपर्यंत थांबलेल्या मुलांचा रोबॉट खऱ्या मैदानावर, खऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, उणापुरा एक तास खेळतो. टीम पुढच्या फेऱ्यांत गेली तर आणखी काही मिनिटं, इतकंच. त्या एका तासात रोबॉट चालवायला किती मुलांना मिळतं? ड्राइव्ह टीम पाच जणांची. त्यातले दोघे हातात कंट्रोलर घेऊन असतात, बाकीचे मार्गदर्शक, मैदानाकडेला साहित्य हाताळणारा आणि तंत्रज्ञ. टीममध्ये मुलं असतात चाळीस. उरलेली पस्तीस मुलं गॅलरीत बसून ओरडतात, स्काउटिंगचे आकडे भरतात, पिटमध्ये पाने-स्क्रूड्रायव्हर पुरवतात. हे सगळं मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विमानाची सगळी पुस्तकं वाचलेल्या माणसाला आपण पायलट म्हणत नाही.

लहान ऑफ-सीझन स्पर्धेत प्रत्येक टीमला आठ-दहा मॅच मिळतात. चोवीसवर दहा म्हणजे वर्षाच्या एकूण खेळात चाळीस टक्क्यांची भर, तीही एका शनिवारात. शिवाय हरण्याची धास्ती नसल्यामुळे तिथे नववी-दहावीच्या मुलांच्या हातात कंट्रोलर देता येतो. मार्चमध्ये कुठलाही शहाणा मेंटॉर हे करणार नाही.

यावर कोणी म्हणेल, सराव तर शाळेतही करता येतो. खरं आहे. २०१९ पर्यंत तर तेही सोपं नव्हतं. फेब्रुवारीत एका ठरलेल्या रात्री रोबॉट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील करावा लागे आणि स्पर्धेपर्यंत त्याला हात लावता येत नसे. ज्यांना परवडे त्या टीम त्याच रोबॉटची दुसरी जुळी प्रत बनवून सराव करत, बाकीचे हात चोळत बसत. २०२० पासून हा नियम गेला. त्यामुळे आता ऑफ-सीझनची गरज उरली नाही असं म्हणणारे काही मेंटॉर मला भेटतात. माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण शाळेच्या हॉलमध्ये काय होत नाही यात आहे.

बॅटरीचंच बघा. रोबॉटवर १२ व्होल्टची एकच लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, १८ अँपिअर-अवरची, साधारण यूपीएसमध्ये असते तशी. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: बाहेर मिळणारा व्होल्टेज म्हणजे मूळ व्होल्टेज वजा विद्युतप्रवाह गुणिले रोध. बॅटरी नवी असेल आणि तारा-जोड नीट असतील तर हा रोध सगळा मिळून ०.०१५ ओहमच्या आसपास धरू. मोटरांनी २५० अँपिअर ओढले तर ३.७५ व्होल्ट आतल्या आत जातात, आणि १२.६ मधून रोबॉटला ८.८५ उरतात. चालतंय. आता बॅटरी दोन वर्षं जुनी आहे, एक जोडही किंचित सैल आहे आणि रोध ०.०२५ झालाय असं समजा. त्याच २५० अँपिअरला ६.२५ व्होल्ट गेले आणि उरले ६.३५. व्होल्टेज सातच्याही खाली असा घसरला की रोबॉटचा मुख्य कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरा बंद करतो. त्या बंद झाल्या की प्रवाह थांबतो, व्होल्टेज वर येतो, मोटरा पुन्हा सुरू होतात आणि तो पुन्हा कोसळतो. रोबॉट उचकी लागल्यासारखा मैदानात अडखळत राहतो.

गंमत अशी की शाळेच्या हॉलमध्ये ही उचकी कधी लागतच नाही. तिथे रोबॉट एकटा असतो. वेग घेताना क्षणभर मोठा प्रवाह वाहतो खरा, पण चाकं फिरू लागली की तो उतरतो. मैदानात समोरून दुसरा पन्नास किलोचा रोबॉट छातीला छाती लावून ढकलतो तेव्हा चाकं जवळजवळ अडून राहतात, मोटरा सेकंदामागून सेकंद प्रवाह ओढत राहतात, आणि त्याच वेळी आपला गडी वर हात उचलायलाही जातो. मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा असला तरी तो तापून पडणारा असतो, त्यामुळे काही सेकंद दुपटीहून जास्त प्रवाह तो खुशाल जाऊ देतो. म्हणजे ब्रेकर पडत नाही, फ्यूज जात नाही, काही जळत नाही. फक्त रोबॉट मरगळतो. मुलं म्हणतात, "कोडमध्ये बग आहे." प्रोग्रॅमर म्हणतात, "मेकॅनिकलवाल्यांनी काहीतरी घट्ट केलंय." बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी जातो.

आमच्या मुलांना हा धडा एका ऑक्टोबरच्या शनिवारी मिळाला. चौथ्या मॅचनंतर अकरावीतल्या एका मुलीने ड्रायव्हर स्टेशनच्या लॉगमधला व्होल्टेजचा आलेख उघडला आणि एका बॅटरीची दरी बाकीच्यांपेक्षा खोल आहे हे दाखवलं. आता आमच्या प्रत्येक बॅटरीवर क्रमांक, खरेदीचं वर्ष आणि दर महिन्याला मोजलेला रोध लिहिलेला असतो. कुठली बॅटरी सरावाला आणि कुठली मॅचला, हे ती मुलगीच ठरवते. हे मार्चमध्ये शिकलो असतो तर त्याची किंमत तीन-चार मॅच असती, आणि धावपळीत कारण सापडलं असतंच असंही नाही.

दुसरी गोष्ट जरा फजितीची आहे. हल्ली बहुतेक चांगल्या टीम स्वर्व्ह ड्राइव्ह वापरतात. यात चार कोपऱ्यांवर चार चाकं, आणि प्रत्येक चाकाला दोन मोटरा. एक चाक फिरवते, दुसरी चाकाची दिशा वळवते. त्यामुळे रोबॉट तोंड न वळवता आडवा, तिरका, कसाही सरकू शकतो, खेकड्यासारखा. पण मग 'पुढे' म्हणजे कुठे? रोबॉटचं तोंड जिकडे आहे तिकडे, की ड्रायव्हरच्या समोर? सोयीचं असतं ते ड्रायव्हरच्या दृष्टीने ठरवणं. रोबॉटवरचा जायरोस्कोप तो किती अंश वळलाय ते सांगतो आणि प्रोग्रॅम तेवढा हिशेब उलटा फिरवतो. दांडी पुढे ढकलली की रोबॉट ड्रायव्हरपासून लांब जाणार, त्याचं तोंड कुठेही असो.

आमच्या टीमने ही ड्राइव्ह पहिल्यांदा एका उन्हाळ्यात बसवली. दोन महिने हॉलमध्ये छान चालली. ऑफ-सीझनच्या पहिल्याच मॅचला आम्ही लाल बाजूला होतो. शिट्टी वाजली, ड्रायव्हरने दांडी पुढे केली आणि रोबॉट सरळ आमच्याच अंगावर, काचेच्या भिंतीवर धाडकन आदळला. त्याने घाबरून मागे ओढली तर तो सुसाट पुढे. अडीच मिनिटं तो बिचारा मनातल्या मनात सगळं उलटं करून चालवत होता. झालं होतं असं की प्रोग्रॅममध्ये मैदानाचा शून्य बिंदू निळ्या कोपऱ्यात धरलेला. लाल बाजूचा ड्रायव्हर समोरासमोर उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी सगळं १८० अंशांनी फिरवावं लागतं. ती एक अट लिहायची राहिली होती. आणि हॉलमध्ये टेबल कायम एकाच बाजूला असल्यामुळे दोन महिन्यांत ती कोणालाच दिसली नाही.

दहावीतल्या प्रोग्रॅमरने पिटमध्ये जमिनीवर बसून ती अट लिहिली. मला ती चूक त्याच्याआधी दिसली होती. मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि तेवढं करायला मला जितका संयम लागला तितका नोकरीतल्या कुठल्याही मीटिंगमध्ये लागलेला नाही. मार्च असता तर मी बोटांनी दाखवून मोकळा झालो असतो, कारण पुढच्या मॅचला अकरा मिनिटं उरलेली असतात आणि क्रमवारी डोळ्यांसमोर असते. ऑक्टोबरमध्ये मला गप्प बसणं परवडतं. मुलाला अट सापडायला दोन मॅच लागल्या. त्या दोन्ही आम्ही हरलो.

ही ड्राइव्ह बदलण्याची गोष्ट जरा जास्त सांगण्यासारखी आहे, कारण ऑफ-सीझनचं शास्त्रीय मोल इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. जानेवारीत सगळंच नवं असतं: खेळ नवा, रोबॉट नवा, निम्मी मुलं नवी. त्यात कोणी नवी ड्राइव्ह, नवा कॅमेरा किंवा नवी मोटर घातली आणि रोबॉट वाईट खेळला, तर दोष कोणाचा? सांगता येत नाही. एकाच वेळी दहा गोष्टी बदललेला प्रयोग कुठलाही शिक्षक फाडून टाकेल. ऑफ-सीझनमध्ये खेळ ओळखीचा असतो, मैदान ओळखीचं असतं, आणि त्याच रोबॉटने मार्चमध्ये किती गुण केले ते कागदावर असतं. आता फक्त ड्राइव्ह बदला आणि तोच खेळ पुन्हा खेळा. फरक पडला तर तो ड्राइव्हचा. नियंत्रित प्रयोग यालाच म्हणतात, आणि एफआरसीच्या वर्षात तो करायची दुसरी जागा नाही. जी टीम नवं तंत्र जानेवारीत पहिल्यांदा आजमावते ती बहुधा मार्चमध्ये रडते. आम्हीही एकदा रडलो आहोत.

विश्वासार्हतेचाही एक छोटा हिशेब सांगतो. आकडेशास्त्रात 'तीनचा नियम' आहे. एखादी गोष्ट लागोपाठ न बिघडता जितक्या वेळा चालली, त्या संख्येने तीनला भागा. खऱ्या बिघाडाची शक्यता त्या उत्तरापेक्षा कमी आहे असं तुम्ही ९५ टक्के खात्रीने म्हणू शकता. रोबॉट सीझनच्या चोवीस मॅच न बिघडता खेळला, तर तीन भागिले चोवीस म्हणजे साडेबारा टक्के. अंगावर काटा यावा असा आकडा आहे. एकदाही न बिघडलेल्या रोबॉटबद्दलही 'आठ मॅचमध्ये एकदा बिघडू शकतो' ही शक्यता आपण ठामपणे नाकारू शकत नाही. आणि अलायन्समध्ये असे तीन रोबॉट असतील तर तिन्ही धड राहण्याची शक्यता उरते ६७ टक्के. आणखी दहा मॅच निर्विघ्न गेल्या तर साडेबाराचे नऊ टक्क्यांच्या आसपास होतात. फार नाही, पण पुढच्या रोबॉटवर तीच रचना वापरायची की नाही हे ठरवायला उपयोगी. अर्थात माझ्या अनुभवात त्या दहा मॅच निर्विघ्न कधीच जात नाहीत. काहीतरी तुटतंच, आणि तुटलेला तुकडा न तुटलेल्यापेक्षा जास्त शिकवतो.

गॅलरीतल्या मुलांकडे जरा वळू. स्काउटिंग म्हणजे प्रत्येक मॅचमधल्या सहा रोबॉटवर सहा मुलांनी नजर ठेवून कोणी काय केलं ते टिपणं, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांसाठी जोडीदार निवडताना अंदाज चुकत नाही. याच्या जोडीला एक सुंदर गणित आहे. मॅचमध्ये गुण अलायन्सचे कळतात, रोबॉटचे वेगळे कळत नाहीत. पण प्रत्येक मॅच दोन समीकरणं देते: या तिघांच्या वाट्याची बेरीज इतकी, त्या तिघांची तितकी. चोवीस टीमच्या स्पर्धेत प्रत्येकीला आठ मॅच मिळाल्या तर एकूण बत्तीस मॅच, म्हणजे चौसष्ट समीकरणं आणि चोवीस अज्ञात. सगळी एकदम तंतोतंत सुटत नाहीत, म्हणून चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल असं उत्तर काढायचं. शाळेत 'याचा उपयोग काय' म्हणून जांभया देणारी मुलं हे गणित आपण होऊन पायथनमध्ये लिहितात, आणि मग ओरडतात की अमुक टीमचा आकडा मोठा दिसतोय तो नुसता चांगल्या जोडीदारांमुळे. ऑफ-सीझनमध्ये हे काम नवव्या इयत्तेकडे देता येतं. ती मुलं चुकीचा जोडीदार निवडतात, पहिल्याच फेरीत बाहेर पडतात आणि घरी जाताना गाडीत का चुकलं त्यावर भांडतात.

आणि खरा प्रश्न वयाचा आहे. हायस्कूल चार वर्षांचं. दर जूनमध्ये सगळ्यात अनुभवी एक-चतुर्थांश मुलं निघून जातात आणि सप्टेंबरात तितकीच कोरी मुलं येतात. कुठल्याही कंपनीत दर वर्षी पंचवीस टक्के अनुभवी माणसं एकाच दिवशी गेली तर काय होईल याची कल्पना करा. बॅटरी कशी निवडायची, साखळी किती ताणायची, रेफ्रींशी कसं बोलायचं हे वहीत लिहून ठेवता येतं, पण वही कोणी वाचत नाही. ते बघून, शेजारी उभं राहून येतं. स्वयंपाकासारखंच आहे हे. आईने फोनवर सांगितलेल्या पुरणपोळीत आणि तिच्या शेजारी उभं राहून केलेल्या पुरणपोळीत काय फरक पडतो ते परदेशात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कोविडमध्ये हे भयंकर स्पष्ट दिसलं. २०२० चा सीझन मार्चमध्ये अर्ध्यावर थांबला आणि चॅम्पियनशिप रद्द झाली. २०२१ मध्ये नेहमीच्या तीन विरुद्ध तीन मॅच झाल्याच नाहीत, टीमना घरच्या घरी कौशल्याची आव्हानं दिली गेली. हिशेब करा: २०२२ च्या जानेवारीत पूर्ण सीझन पाहिलेली मुलं म्हणजे फक्त बारावीतली, जी २०१९ साली नववीत होती. त्या वर्षी ती बहुधा गॅलरीतच बसलेली असणार. अनेक टीममध्ये पिट कशी लावायची हेसुद्धा कोणाला आठवत नव्हतं. २०२१ च्या शरदात ज्यांना एखादी छोटी ऑफ-सीझन स्पर्धा मिळाली, त्यांच्याकडे निदान एक शनिवार तरी होता. काही टीमनी गेल्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलांना कॉलेजातून बोलावून घेतलं, केवळ पिटमध्ये उभं राहून सांगायला.

इंजिनिअरिंग पुण्या-मुंबईत केलेल्या वाचकांना इथे रोबोकॉन आठवेल. २०१४ साली आशिया-पॅसिफिकची एबीयू रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला झाली होती. तिथे रोबॉट एफआरसीपेक्षा पुष्कळ अंगाने अवघड असतात, आणि आपली मुलं रात्र-रात्र जागून ते करतात. पण देशपातळीची मोठी स्पर्धा वर्षातून एकच, ती संपली की अनुभवी बॅच कॅम्पस प्लेसमेंटच्या मागे, आणि मोटरा पुढच्या रोबॉटसाठी काढलेल्या. त्या मुलांना शरदात एक बिनगुणांची स्पर्धा मिळाली असती तर काय झालं असतं असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मुलींबद्दलही लिहायला हवं. टीममध्ये मुली पुष्कळ असतात, पण कोण कुठलं काम करतं ते बघा. पुरस्कारांचा निबंध, सादरीकरण, देणगीदारांची पत्रं, रंगरंगोटी. कोणी मुद्दाम करतं असं नाही, ते होत जातं. मग मार्चमध्ये 'ज्याला चांगलं येतं त्यानेच चालवावं' हा नियम लागतो, आणि चांगलं कोणाला येतं, तर ज्याला आधी मिळालं त्याला. हे चक्र मोडायला काही ऑफ-सीझन स्पर्धा खास मुलींच्या ड्राइव्ह टीमसाठी भरतात. मिशिगनमधली ब्लूमफील्डची स्पर्धा त्यातली एक. तिथे कंट्रोलर मुलींच्याच हातात असतात. एकदा हातात आला की जानेवारीत तो काढून घेणं अवघड जातं.

आता दुसरी बाजू, कारण मैत्रिणीचा प्रश्न चुकीचा नव्हता. ऑफ-सीझनलाही खर्च आहे. सीझनच्या हजारो डॉलरच्या प्रवेश फीपुढे इथली काही शे डॉलर फी किरकोळ वाटते, पण ट्रक, सुटे भाग, बॅटरी आणि मेंटॉरांचे शनिवार त्यात धरलेले नसतात. श्रीमंत टीम उन्हाळ्यात चार-पाच स्पर्धा करतात, आणि आधीच पुढे असलेले आणखी पुढे जातात. मेंटॉर थकतात. मी दोन चांगले मेंटॉर सोडून गेलेले पाहिलेत, दोघांचीही तक्रार एकच होती की वर्ष संपतच नाही. शिवाय काही मोठ्या आमंत्रितांच्या स्पर्धांत टीम जिंकायलाच जातात, तिथेही तीच बारावीतली पोरं चालवतात, आणि मी वर लिहिलेल्यातलं फारसं काही घडत नाही. बघायला मात्र त्या मॅच अप्रतिम.

माझ्या अनुभवात एक उन्हाळ्यात आणि एक शरदात, दोन्ही घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या, एवढं पुरे. उन्हाळ्यातली निरोप घेणाऱ्यांसाठी, शरदातली नव्यांसाठी. शरदातल्या स्पर्धेत बारावीच्या मुलांनी पिटमध्ये खुर्चीवर बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम आमच्या मुलांनीच केलाय. पीएसएटीच्या शनिवारी स्पर्धा आली तर आम्ही जात नाही. अनंत चतुर्दशीला आली तर मी एकटा जात नाही.

एक राहिलंच. या स्पर्धांत शिकणारे फक्त विद्यार्थी नसतात. नवे रेफ्री, मैदान लावणारे, गुण मोजणारे असे सगळे स्वयंसेवक इथेच तयार होतात. २५४ टीमने चीझी चॅम्प्ससाठी मैदान आणि मॅच चालवणारं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं, नाव चीझी अरीना, आणि ते सगळ्यांना खुलं ठेवलं. आज कितीतरी ऑफ-सीझन स्पर्धा त्यावर चालतात. आमच्याकडच्या एका बाबांनी तेच आपल्या लॅपटॉपवर चालवून गेल्या वर्षी स्पर्धेचा गुणफलक सांभाळला. बँकेत डेटाबेस सांभाळणारा गृहस्थ, पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला हवा होता.

मैत्रिणीने शेवटी फोन करून विचारलं, नुसतं बघायला आलं तर चालेल का. चालेल. या लहान स्पर्धांना प्रवेश बहुधा फुकट असतो. सकाळी नऊच्या सुमाराला मॅच सुरू होतात, दुपारनंतर अलायन्सची निवड होते, ती चुकवू नका. पिटमध्ये जायचं तर सेफ्टी गॉगल लागतात, ते दारातच मिळतात, आणि पायात बंद बूट हवेत, चपला चालत नाहीत. मुलीला सांग, स्काउटिंगच्या टेबलापाशी येऊन माझं नाव विचार. तिला सहा नंबरचा रोबॉट मोजायला देतो.